लोखंड प्यायचे दिवस

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला एक खळगा होता. माझ्या खांद्याच्या उंचीला, वाटी बसेल एवढा. आईला वाटायचं तो घुशीनं पाडला. घूस एवढी वर कशी चढेल, हा विचार तिनं केला नाही हे माझं नशीब, कारण तो खळगा मी खाल्ला होता. भिंत मातीची होती. सकाळी दंव पडलं की तिला असा वास यायचा की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. भाकरी पुढ्यात आली की नको वाटायची, भिंत मात्र कधी नको वाटली नाही. त्याआधी चौथीपर्यंत मी पाटीवरच्या पेन्सिली खाल्ल्या. गुरुजी म्हणायचे, "ही पोरगी अभ्यास खाते," आणि सगळा वर्ग हसायचा. मी इतकी लाजाळू होते की हजेरीला 'हजर' म्हणायलासुद्धा शेजारणीला कोपरानं ढोसायची, तिनं माझ्या वतीनं म्हणावं म्हणून. ती दोनदा हजर असायची आणि मी एकदाही नाही. चौथी झाली, पुढची शाळा लांब होती, म्हणून शाळा सुटली. पेन्सिली बंद झाल्या. भिंत राहिली.

हे मी नातीच्या जुन्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. पुढच्या पानांवर तिचं शास्त्र आहे. त्यात लोखंडाचे क्षार म्हणून एक धडा आहे. तो वाचताना मला एकटीलाच इतकं हसू आलं की सुनेनं आतून विचारलं, "आत्या, काय झालं?" मी काही नाही म्हटलं. पन्नासावर वर्षं झाली तरी ती गोष्ट मी कुणाला धड सांगितलेली नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

मार्गासनीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. मी सोळाची होते तेव्हा माझी चुलत बहीण पहिल्या बाळंतपणात गेली. चांगली धडधाकट दिसायची. बायका म्हणाल्या, अंगात रक्तच नव्हतं. त्या दिवसापासून आई माझ्याकडे टक लावून बघायला लागली. मी पांढरी होते, पण आमच्याकडे पांढऱ्या पोरीला गोरी म्हणायची पद्धत असल्यामुळे त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. विहिरीवरून वर येताना मी तीनदा बसायची. त्याला आळस म्हणायचे. एके सकाळी आईनं मला भिंतीला तोंड लावलेलं पकडलं. ती ओरडली नाही. तिनं आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, हाक मारली आणि म्हणाली, "हिला भोरला न्या. आजच्या आज." आबा म्हणाले, "भिताड खाल्लं म्हून?" आई म्हणाली, "न्हाई. म्या दुसरी पोर जाळायला द्येनार न्हाई म्हून."

नसरापूरला गाडी बदलून आम्ही भोरला माझ्या मावशीकडे आलो. आबांनी येताना बाळहिरड्याचं अर्धं पोतं खांद्यावर आणलं होतं. आमच्या डोंगरात हिरडा उदंड. आबांना कुणाच्या घरी मोकळ्या हातानं जाणं जमत नसे, आणि हिरड्याशिवाय हातात घेण्यासारखं त्यांच्याकडे काही नसे. मावशीचे यजमान, माझे काका, एका दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांनीच मला डॉक्टरांपुढे उभं केलं. डॉक्टरांनी माझी नखं पाहिली, जीभ पाहिली, आणि काय खातेस म्हणून विचारलं. मी गप्प. आबांनी सांगितलं, "भिताड." डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, अंगात लोखंड कमी झालं की माणूस असलं काहीबाही खातो. हिला लोखंड प्यायला द्यायचं. सहा महिने. अंगात रक्त भरेपर्यंत हिच्या लग्नाचं नाव काढायचं नाही, एका बहिणीचं झालं तेवढं पुरे. आबा मान हलवत म्हणाले, "बरं साहेब." आणि मला मावशीकडे ठेवून ते वाडीला परत गेले.

लोखंड पितात हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, फाळ तापवून पाण्यात विझवतात तसलं काही असेल. निघालं तपकिरी पाणी, एका उभ्या बाटलीत, आणि बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी. एक खाच म्हणजे एक वेळ. चव अशी की तोंडात कुलूप ठेवल्यासारखं वाटावं. काकांनी कंपाउंडरी थाटात नियम सांगितले. चहाबरोबर घ्यायचं नाही, चहा लोखंडाला धरून ठेवतो आणि ते रक्तात उतरत नाही. दातांना लावायचं नाही, दात काळवंडतात, म्हणून नळीनं ओढायचं. नळी कुठून आणायची? मावशीनं शेजारच्या काकूंच्या पपईकडे बोट दाखवलं. पपईच्या पानाचा देठ आतून पोकळ असतो. रोज सकाळी मी एक पान तोडायची, देठ धुवायची आणि त्यातून लोखंड प्यायची. तीन आठवड्यांत पपईला शेंड्यावर दोन पानं उरली आणि काकू कुंपणाशी उभ्या राहून म्हणायला लागल्या, "तुमच्या पोरीच्या अंगावर मांस चढेल, पण माझं झाड गेलं."

आणखी एक गोष्ट लिहावी की नाही कळत नाही, पण वही माझीच आहे. लोखंड पोटात गेलं की परसाकडे काळं होतं. हे काका सांगायचे विसरले होते. तिसऱ्या दिवशी मी मावशीच्या पदराला धरून रडले, मी मरणार म्हणून. मावशीही रडायला लागली. काका संध्याकाळी आले तेव्हा घरात दोघीजणी रडत होत्या आणि चूल थंड होती. सगळं ऐकल्यावर ते म्हणाले, "उत्तम! म्हणजे लागू पडतंय." मावशी म्हणाली, "हे आधी सांगायला तोंड काय पपईच्या देठाएवढं होतं?" नंतर तेही होईना, कारण लोखंडानं पोट बांधलं जातं. त्यावर मावशीनं हिरडा काढला. आबांचं अर्धं पोतं होतंच. रात्री झोपताना एक बाळहिरडा चघळायचा, आधी तुरट, मग वरून पाणी प्यालं की गोड. पोट सुटलं. सकाळी लोखंड, रात्री हिरडा, अशी माझी गाडी रुळावर आली.

त्या घरात लोखंड नुसतं माझ्या पोटात नव्हतं. काकांना शाई करायचा नाद होता. दवाखान्याच्या चिठ्ठ्या ते स्वतःच्या हातच्या शाईनं लिहायचे आणि आळीतल्या पोरांनाही द्यायचे. बाजारची शाई पाण्यानं पुसते, माझी कागद फाटला तरी राहते, असं म्हणायचे. रविवारी न्हाणीजवळ तीन दगडांवर पातेलं चढायचं. हिरडा मी कुटायची. तो उकळून, गाळून, कोमट झाला की त्यात हिराकस टाकायचं. हिराकस म्हणजे खडीसाखरेसारखे खडे, पण रंगानं कोवळे पोपटी. दुकानातही मिळायचं, तरी काकांना ते घरी करायची हौस. एका चिनी मातीच्या बरणीत जुने खिळे, त्यावर पाणी घालून पातळ केलेलं गंधकाचं तेजाब. मग बरणीत फसफस सुरू व्हायची आणि काका आम्हाला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पिटाळायचे. खिळे विरघळले की ते हिरवट पाणी गाळून, आटवून, दोरा सोडून ठेवायचं. दोन दिवसांनी दोऱ्याला हिरवे खडे लगडलेले. ते उघडे ठेवले तर वरून पिवळट भुकटी धरतात. काका म्हणायचे, "यांना हवा बाधते," आणि बूच घट्ट लावायचे. मावशी म्हणायची, "माझ्या दम्याला कधी एवढं जपलं नाही."

हिरड्याच्या पिवळसर काढ्यात तो हिरवा खडा पडायचा आणि मी ढवळायची. आधी जांभळट, मग गडद, आणि थोड्या वेळानं पातेल्यात काळीभोर शाई. दोन फिक्या गोष्टींतून एवढा काळा रंग कुठून येतो, याचं मला दर रविवारी नवल वाटायचं. विचारायची मात्र लाज. काकांच्या सदऱ्यावर डाग पडले की ते लिंबानं काढायचं काम माझं. लिंबू चोळलं की काळं जायचं, मागे गंजासारखा पिवळा ओरखडा राहायचा. (नात म्हणते, हिराकस ते फेरस आणि तपकिरी औषध ते फेरिक. असेल. मी दोघांना नावं न घेता ओळखत होते. एकानं माझे हात काळे केले आणि दुसऱ्यानं काय केलं, ते आता येतंच आहे.)

चौथा आठवडा होता. मी भिंतीकडे बघायची सोडली होती. तेवढ्यात आबा आले आणि म्हणाले, "उंद्या पोरीला बघाया येनार हायती." मावशीच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. ती म्हणाली, "दाजी, डॉक्टर सहा महिने म्हणालेत." आबा म्हणाले, "औषिद काय, तिकडंबी पिता येतंय की. ठिकान लई भारी हाय. भाताचं खाचर हाय, चार म्हसरं हायती. पर म्हातारीला घाई हाय." ठिकाण वेल्ह्याच्या वर, तोरण्याच्या पोटात, एका उंच वाडीवर होतं. आणि घराचं पाणी खालच्या झऱ्याचं. मावशीनं विचारलं, "किती खाली?" आबांनी हातानं असा काही उतार दाखवला की हात गुडघ्याच्याही खाली गेला. मी कोपऱ्यात हिरडा निवडत होते. मला आमची विहीर दिसली, मी तीनदा बसायची ती. आणि माझी बहीण दिसली. मी पुढचा हिरडा उचलला. मला कुणी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशी पहाटेपासून पोह्यांत. गालावर थोडी तरी लाली दिसावी म्हणून तिनं मला औषधाच्या एक सोडून तीन खाचा दिल्या. एका दिवसात लाली येत नाही हे कंपाउंडरच्या बायकोला माहीत हवं होतं, पण घाईत माणूस देवालाही एक सोडून तीन फुलं वाहतो. पपईला पानं नव्हती. म्हणून पेल्यानंच प्याले, घोट घोट. मग मावशीनं माझं तोंड हुंगलं आणि म्हणाली, "अगं बाई, तुझ्या तोंडाला तव्याचा वास येतोय." वास जावा म्हणून तिनं दोन बाळहिरडे हातावर ठेवले, "चघळत राहा, पाहुणे येईपर्यंत." मी चघळत राहिले. दर रविवारी जी कृती पातेल्यात व्हायची, ती माझ्या तोंडात चालली होती. ती कृती शोधणारा माणूस बाहेर सतरंजी झटकत होता, आणि ढवळणारी मी स्वतः. दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मावशीनं माझी वेणी घातली, कुंकू लावलं, चारदा चेहरा न्याहाळला. पण मी तोंड मिटूनच बसणारी. दात कुणी पाहिलेच नाहीत.

तिघं आले. मुलगा, त्याचे वडील आणि म्हातारी आजी. आजी वाळलेल्या भेंडीसारखी, पण आवाज अख्ख्या आळीला पुरेल एवढा. मुलगा माझ्याहून लाजाळू निघाला. पोह्यांतले शेंगदाणे तो एकेक करून खात होता आणि मान वर करत नव्हता. मी चहाचं ताट घेऊन आले, खाली बसले. आबा सांगत होते, पोर कामाची हाय, गप हाय. आजी म्हणाली, "गप हाय ते दिसतंय. मुकी न्हाई ना?" आणि मला जवळ ओढून, "नाव सांग बाय तुजं."

मी तोंड उघडलं. "शे..." एवढंच निघालं. आजीनं माझी हनुवटी धरली.

"थांब. आ कर."

मी आ केला. आजी वाकून बघत राहिली, आणि मग ताठ झाली. "आरं द्येवा! ऊठ रं," ती मुलाच्या वडलांना म्हणाली, "ऊठ. लगीन झाल्याली पोर दावत्यात आपल्याला."

कुणाला काही कळेना. आजीनं स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. तिचे होते नव्हते तेवढे दात काळे कुळकुळीत होते. "ह्ये दातवण हाय. माज्या सासूनं मांडवात लावलं हुतं, आजूक गेलं न्हाई. आमच्या येळंला लगीन झाल्याली बाईच दातवण लावायची. कुवार पोरीच्या त्वांडात ह्ये कसं आलं? ताजं हाय, ताजं!"

मुलाचे वडील म्हणाले, "आये, आता दातवण कोन लावतंय?"

"त्येच इचारते म्या. कोन लावलं? कुठल्या सासूनं?"

आबांचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा झाला. काका पुढे सरसावले. "गैरसमज होतोय आजी. दातवण नाही ते. औषध आहे."

"औषिद?" मुलाच्या वडलांनी कप खाली ठेवला. "पोरगी आजारी हाय?"

आबांनी काकांकडे असं पाहिलं की काका म्हणाले, "नाही नाही. औषध नाही."

"मंग दातवण?"

"दातवणही नाही."

"मंग काय शाई पिली व्हय पोरगी?" आजी कडाडली.

माझी जीभ दातांवरून फिरली. तुरट, आणि त्याखाली कुलूप. मी पदराच्या टोकानं एक दात पुसला आणि टोकाकडे पाहिलं. रविवारचा रंग. त्या क्षणी मला सगळं कळलं आणि त्याबरोबर दुसरंही कळलं. मी गप्प बसले तर ही माणसं उठून जातील. मला त्या चढावर जावं लागणार नाही. पण ती नसरापूरच्या फाट्यावर पोचेपर्यंत गोष्ट त्यांच्या पुढे पोचेल, की अमक्याची पोर लग्न झालेली आहे, बाप लपवतो. आबांना वाडीत मान वर करता येणार नाही. आणि बोलले, तर नाव धुऊन निघेल आणि चढ गळ्यात पडेल. अशा वेळी मी नेहमी शेजारणीला ढोसायची. मी डावीकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

"व्हय आजी," मी म्हणाले. "शाईच हाय."

एवढं मोठं वाक्य मी परक्या माणसांपुढे पहिल्यांदाच बोलले होते. मावशी दाराला टेकली. मी आत गेले, औषधाची बाटली आणली, रात्रीचं भिजलेल्या हिरड्याचं पाणी आणलं, एक लिंबू कापून आणलं. पांढरी बशी हवी होती. मुलाच्या पुढ्यातली रिकामी होती. मी हात पुढे केला, तर त्यानं घाबरून पोह्यांची ताटलीही माझ्या हातात दिली. बशीत मी हिरड्याचं पाणी ओतलं. पिवळट. त्यात औषधाचे चार थेंब टाकले. थेंब पडतील तिथं काळं फुटलं आणि पसरत गेलं. मी बोटानं ढवळलं. काळीभोर शाई.

"ह्ये औषिद म्या सकाळी पिले," मी बशीकडे बघत म्हणाले, वर बघायचं धाडस नव्हतं. "वरनं हिरडा चघळला. आता बगा." बशीत लिंबू पिळलं. काळं फिकं होत होत पावसाळ्यातल्या ओढ्यासारखं गढूळ झालं. मग उरलेली फोड मी दातांवर घासली. डोळ्यांतून पाणी आलं, पण घासत राहिले, चूळ भरली, आणि आ करून आजीकडे वळले. अगदी शुभ्र झाले नव्हते, पण माझे होते.

काका मोठ्यानं म्हणाले, "अरे! ही तर माझीच शाई!" मावशी म्हणाली, "आता कळलं का? शोध लावणारे!"

आबांनी श्वास सोडला. "बघा पाव्हनं! लगीन-बिगीन काय न्हाई!" मुलाचे वडीलही हसले. त्यांना बशी आवडली होती. ते म्हणाले, "पोर हुशार हाय. मंग सुपारी फोडायची का?" आणि आबांचा हात पिशवीकडे गेला.

पहिलं वाक्य निघालं की दुसरं त्याच्या मागं वाट बघत असतं, हे मला त्या दिवशी समजलं. "सहा म्हयने," मी म्हणाले.

"काय?"

"सहा म्हयने थांबावं लागल. माज्या अंगात रगत कमी हाय. म्हून तर लोखंड पिते. डाक्टर म्हनले, त्याआदी लगीन न्हाई. मला चढ चढवत न्हाई. तुमचं पानी खालनं आनावं लागतं. म्या बसत बसत आनीन, पर घागर संध्याकाळी पोचल."

"गप," आबा म्हणाले. "गप बस की."

"आता न्हाई बसत आबा," मी म्हणाले, आणि बशी हातात तशीच धरून रडायला लागले.

मुलाचे वडील उठायच्या बेतात होते. आजीनं त्यांना हातानं खाली बसवलं. तिनं माझ्या हातातली बशी काढून खाली ठेवली. मग म्हणाली, "त्यो चढ म्या पन्नास वर्सं चढले. माजं गुडघं त्यानंच खाल्लं. मला कुनी इचारलं न्हाई, चढवतं का म्हून." आणि आबांकडे वळून, "थांबू सहा म्हयने. बोलती पोर बरी. मुकीला काय दुकतंय ते कळत न्हाई. पर काय वो कंपोटर, ह्ये काळं किती दिस टिकतं? माजं दातवण मागनं उडाया लागलंय. आता कुनी करत न्हाई."

काकांनी दोन हिरवे खडे कागदात बांधून दिले, आणि मावशीनं ओंजळभर हिरडा. आबांचं पोतं पुन्हा कामी आलं होतं. आजीनं पुडी कनवटीला लावली आणि जाताना मुलाला म्हणाली, "चल रं शेंगदान्या."

नातीनं हे वाचलं तर विचारेल, ते पुन्हा आले का? आले. सातव्या महिन्यात. तोवर माझे गाल भरले होते, आणि मी न बसता घाट चढून नदीवरून धुणं आणत होते. त्या उंच वाडीवर मी तीस वर्षं पाणी आणलं. मग नळ आला. शेंगदाणे खाणारा माणूस अजून तसाच आहे, ताटात शेवटी तेच ठेवतो. पण हे सगळं नंतरचं. मला त्या दिवसाचीच संध्याकाळ सांगायची आहे.

आबांना वाडीला परत जायचं होतं. मावशीनं दशम्या बांधल्या आणि त्या घेऊन मी त्यांच्यामागून स्टँडवर गेले. ते झपाझप पुढे चालत होते. मला वाटलं, आता घरी नेऊन भिंतीपाशी बसवतील आणि म्हणतील, खा. बाकावर आम्ही मध्ये दशम्या ठेवून बसलो. दशम्यांची गाठ आवळत ते म्हणाले, "सहा म्हयने ह्ये तुला कुनी शिकिवलं? मावशीनं?"

"डाक्टरांनी. तुमच्यापुढंच सांगितलं."

"म्या हुतो?"

"हुता. मान हालवत हुता."

आबा समोरच्या भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं. "म्या मान हालवतो ना," ते हळूच म्हणाले, "तवा ऐकत नसतो. साहेब लोक बोलाया लागलं की मला भ्या वाटतं. कवा संपतंय ह्येची वाट बगत असतो."

माझ्या आबांना भीती वाटते, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं ती घरात माझ्या एकटीकडेच आहे.

गाडी लागली. आबा उठले, धोतर सावरलं, दशम्या घेतल्या. पायरीवर एक पाय ठेवला आणि तिथंच थांबले. मागची माणसं ढकलायला लागली. कंडक्टर म्हणाला, "पाव्हनं, चढताय का?" आबा पाय खाली घेत म्हणाले, "म्होरल्या गाडीनं येतो." पुढची गाडी दोन तासांनी होती. ते परत बाकावर येऊन बसले, दशम्यांचं फडकं सोडलं, एक माझ्या हातात दिली आणि एक स्वतः घेतली.

"सांग आता," ते म्हणाले. "डाक्टर काय काय म्हनलं त्ये. पैल्यापास्नं सांग."

मी सांगायला लागले. नखं का बघतात ते, चहा का नको ते, बहिणीला काय झालं असेल ते. आबांच्या हातातली दशमी तशीच राहिली. मी सगळं सांगेपर्यंत त्यांनी एकदाही मान हलवली नाही.